कोंबडीकडे ती घंटा नाही

विकतची बडबड संपली आणि तिथून सगळं बिनसलं.

बडबड हे प्रयोगशाळेतलं लाडाचं नाव. तिथल्या फ्रीझरमध्ये दोन प्रकारच्या इवल्याशा ट्यूब असायच्या, काही लाल झाकणाच्या, काही पांढऱ्या. लाल झाकणाखाली आरएनएचा एक बारीक तुकडा असे. बर्ड फ्लूच्या विषाणूला तो नेमका वर्मी टोचायचा, म्हणून त्याला सगळे सुई म्हणत. पांढऱ्या झाकणाखाली तेवढ्याच लांबीचा दुसरा तुकडा, तीच अक्षरं उलटीपालटी करून जुळवलेला. कशाशी न जुळणारा, कुणाला न टोचणारा. ती बडबड. सुईनं विषाणू थांबला आणि बडबडीनं थांबला नाही, तर श्रेय सुईचं. दोन्हींनी थांबला, तर श्रेय कुणाचं ते कुणालाच सांगता येत नाही. म्हणून सुईच्या शेजारी बडबड लागतेच, आणि जो माणूस ती ठेवायला कंटाळतो त्याच्या प्रयोगावर विश्वास ठेवू नये.

शंकाबाई कधी कंटाळत नसे. हे नाव तिला सरांनी दिलं होतं. सर म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. पिपेट हातात कसं धरायचं हे तिला त्यांनीच शिकवलं. सुरुवातीला ते हे नाव कौतुकानं घ्यायचे, आल्यागेल्याला सांगायचे, की आमची शंकाबाई हो म्हणाली की समजा काम झालं. पुढे प्रयोगशाळेचा बोलबाला झाला, सरांची भाषणं वाढली आणि त्याच नावाला हळूहळू कडवट चव यायला लागली. हाक तीच, पण ती आता कपाळाला आठी घालून मारली जाई.

सुई काम कसं करते, हे ती कुणालाही चुटकीसरशी सांगायची. विषाणू म्हणजे आगाऊ पाहुणा. पेशीत शिरतो आणि स्वयंपाकघराचा ताबा घेऊन चिठ्ठ्या वाटत सुटतो, मला हे करून द्या, ते करून द्या, माझ्यासारखे आणखी ढीगभर करून द्या. पेशी बिचारी राबते. पण चिठ्ठीला जुळणारा छोटा तुकडा आधीच तिच्या हाती दिलेला असला, तर तिची स्वतःचीच कात्री चालते आणि ती चिठ्ठी वाचली जाण्याआधी कापली जाते. चिठ्ठी नाही तर रांधणं नाही, आणि रांधणं नाही तर पाहुण्याची पिलावळही नाही. अशा सुईचा फवारा करायचा, तो शेडमध्ये उडवायचा, कोंबड्यांनी तो श्वासातून आत घ्यायचा, हे सरांचं स्वप्न होतं. खरं तर आधी ते तिचंच होतं.

हे स्वप्न बघताना तिच्या डोळ्यांपुढे ताईची शेड असायची. ताई म्हणजे तिची थोरली बहीण. शहराबाहेर तिचा आणि भाऊजींचा अंड्यांचा धंदा. मागच्या साथीत ताईच्या शेडमधला एकही पक्षी आजारी पडला नव्हता. रोग निघाला पलीकडच्या शेडमध्ये. मग कुणीतरी नकाशावर एक गोल काढला आणि ताई त्या गोलाच्या आत पडली. पांढऱ्या पोशाखातली माणसं आली आणि अंड्यावर आलेले धडधाकट पक्षी पोत्यांत भरून खड्ड्यात पुरून गेली. ताई दाराच्या पायरीवर बसून राहिली होती. सगळं शांत झाल्यावर ती एवढंच म्हणाली, की या शांततेनं कान दुखतात.

तेव्हापासून त्या गोलात नवे पक्षी आणायला बंदी होती. सवलत एकच, सरांच्या फवाऱ्याची चाचणी जो आपल्या शेडमध्ये होऊ देईल त्याला पिल्लं आणता येतील. ताईनं सगळ्यांच्या आधी हात वर केला. शेडला चुना मारून झाला, भुसा पसरून झाला, पाण्याची भांडी घासूनपुसून उलटी घातली गेली. पिल्लांची गाडी केव्हा येणार, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

आणि नेमकी तेव्हाच विकतची बडबड संपली.

बडबड नेहमी एका कंपनीकडून तयार यायची, यंत्रावर जुळवलेली, चकचकीत. सुई मात्र घरची. तिची अक्षरं सारखी बदलून बघावी लागत, दर वेळी कंपनीची वाट कोण बघत बसणार, म्हणून प्रयोगशाळेतच एका एन्झाइमच्या मदतीनं ती घडवली जाई. बडबडीची अक्षरं बदलायचं काही कारण नव्हतं, म्हणून ती विकत. ही सोय सगळ्यांच्या इतकी अंगवळणी पडली होती, की आपण हॉटेलातली भाजी आणि घरची भाजी शेजारी ठेवून नुसत्या मिठाची तुलना करतोय हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. तिच्याही नाही. जिचं नावच शंकाबाई, तिलाही ही शंका सुचू नये, याचा तिला पुढे सगळ्यात जास्त राग आला.

कंपनीचा माल रखडला. हातावर हात ठेवून बसण्यापेक्षा तिनं बडबडही घरीच घडवली, त्याच एन्झाइमनं, त्याच बाकावर, आणि नेहमीसारखी प्लेट लावली.

निकाल वाचायची रीत जुनी आणि मोठी देखणी होती. प्लेटमध्ये ओळींनी बारीक बारीक वाट्या. प्रत्येकीत विषाणू सोडलेल्या पेशींवरचं पाणी घालायचं, ओळीतल्या पुढच्या वाटीत आधीच्यापेक्षा पातळ करून, आणि त्यावर कोंबडीच्या रक्तातल्या तांबड्या पेशी सोडायच्या. विषाणू नसला तर तांबड्या पेशी घरंगळत तळाशी जमतात आणि मध्यभागी लालबुंद ठिपका दिसतो. विषाणू असला तर तो त्यांना एकमेकींत गुंतवून धरतो आणि वाटीभर लालसर साय पसरते. ठिपका म्हणजे वाचलो, साय म्हणजे मेलो. शाळेतलं पोरही सांगू शकेल.

सुईच्या ओळीत ठिपके होते. ते असायचेच. खालच्या ओळीत, बडबडीच्या, साय हवी होती. तिथंही ठिपके होते, एकसारखे, नीटस, जणू तिला वेडावून दाखवत.

तिला वाटलं, झाकणांची अदलाबदल झाली. मग वाटलं, आपला हात चुकला. तिनं नवे हातमोजे घातले, नव्या ट्यूब काढल्या, सगळं पुन्हा लावलं. पुन्हा ठिपके. रखडलेला माल अखेर आला, तेव्हा तिनं विकतची बडबड आणि घरची बडबड शेजारी शेजारी लावून बघितली. विकतचीत साय, घरचीत ठिपके. मग मात्र तिला कारण कळलं.

ती सरांच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्याच सांगायला लागली. घरच्या एन्झाइमनं घडवलेल्या तुकड्याच्या टोकाला फॉस्फेटची एक बारीकशी शेपटी राहते. विषाणूच्या आरएनएलाही अगदी तशीच शेपटी असते. पेशीत एक पहारेकरी असतो, त्याला ती शेपटी दिसली की तो घंटा बडवतो, मग ती पेशी आणि तिच्या शेजारणी भराभर दारं लावून घेतात. तुकड्यावर काय लिहिलंय हे कुणी वाचतसुद्धा नाही. म्हणजे इतकी वर्षं आपण ज्याला सुईचा पराक्रम म्हणत आलो, तो बहुतेक शेपटीचा होता.

सर रागावले नाहीत. ते खुर्चीत मागे रेलले आणि समजूत घालावी तसं बोलले.

"चोर आला आणि दार बंद बघून परत गेला. घरमालक वाचला. आता दार सुईनं लावलं की शेपटीनं, याच्याशी त्याला काय देणंघेणं आहे? विषाणू थांबला ना? मग झालं तर."

मुद्दा बिनतोड होता आणि तिला तो मनापासून आवडलाही नव्हता, ही मोठी अवघड जागा असते. ती मुकाट्यानं बाहेर आली आणि तिथून थेट अंड्यांच्या खोलीत गेली, कारण डोकं चालेनासं झालं की ती तिथंच जायची.

अंड्यांची खोली उबदार आणि अंधारी. विषाणू वाढवायला लागणारी फळलेली अंडी तिथं ट्रेमध्ये मांडलेली असत. ती एकेक अंडं दिव्यासमोर धरून बघायला लागली. कवचाआड तांबड्या शिरांचं जाळं, मधेच एक इवला जीव हललेला. असली शेकडो अंडी तिनं आजवर बघितली होती. त्या दिवशी मात्र ते हलणारं पिल्लू बघून तिचा हात थबकला. हे कोंबडीचं आहे, तिच्या मनात आलं. आणि प्लेटमधल्या आपल्या पेशी कुणाच्या?

कुत्र्याच्या. कुत्र्याच्या मूत्रपिंडातून वाढवलेल्या त्या पेशींत हा विषाणू झकास वाढतो, म्हणून सगळे त्याच वापरतात. सुईची एकूण एक परीक्षा त्यांच्यात झाली होती. अंड्यांचं काम फक्त विषाणू पुरवायचं. आणि शेपटी ओळखणारा तो पहारेकरी कुत्र्यात असतो, माणसात असतो, बदकातही असतो, म्हणूनच बदक हा रोग बऱ्याचदा हसत हसत अंगावर काढतं. कोंबडीत तो नसतो. कोंबडीकडे ती घंटाच नाही. हे काही गुपित नव्हतं. प्रयोगशाळेतल्या प्रत्येकानं ते कधी ना कधी वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं आणि विसरूनही गेलं होतं.

तिनं तोच प्रयोग अंड्यांत लावला. घरची सुई, घरची बडबड आणि शेपटी छाटलेली सुई. निकालाच्या दिवशी अंड्यांतल्या पाण्याची प्लेट हातात घेऊन ती खिडकीपाशी उभी राहिली. बडबडीच्या ओळीत पार शेवटच्या वाट्यांपर्यंत साय. सुईच्या ओळींत, शेपटी असो वा नसो, साय तेवढीच दाट, फक्त एकदोन वाट्या आधी थांबलेली. साय जितकी आधी थांबते तितका विषाणू कमी, म्हणजे सुई टोचत होती. अगदी जराशी, पण टोचत होती. ज्याला दुसरं कुणी अपयश म्हणालं असतं, ते बघून तिला भरून आलं. इतक्या वर्षांत हातात आलेलं हे पहिलं खरं काहीतरी होतं, मग ते चिमूटभर का असेना.

सरांनी ही प्लेटही बघितली. त्यांना कळलं नव्हतं असं अजिबात नाही. तिच्याआधीच कळलं असणार. शेवटी त्यांनी चष्मा पुसला आणि सांगितलं, की पशुसंवर्धन खात्याचे अधिकारी आणि पोल्ट्रीवाले प्रात्यक्षिकाला येताहेत, सगळं ठरलंय, तिथं पेशींची प्लेट ठेवायची, सुई आणि नुसतं पाणी एवढ्याच ओळी. अंड्यांचं नंतर बघू. खोटा एकही शब्द बोलायचा नाही, फक्त सगळं बोलायचं नाही, यात गैर काय आहे?

"मी दोन्ही प्लेट मांडणार," ती म्हणाली.

"मग पुढं तुला अंडी मिळणार नाहीत. तुझी नोकरी कुणी घेत नाही. पण अंडी माझ्या सहीनं येतात."

"तुम्हीच शिकवलंत, सर. शेजारी बडबड नसेल तर निकाल वाचायचा नाही."

सरांनी यावर समोरचे कागद नीट लावायला घेतले. ते नीटच होते.

प्रात्यक्षिकाच्या आदल्या संध्याकाळी ती ताईकडे गेली. ताईला हे सगळ्यांबरोबर सभेत कळावं, हे तिला पटेना. ताई शेडमध्येच होती, भुसा हातानं सारखा करत. चुन्याचा ओला वास येत होता आणि जिथं एरवी आपलं बोलणं आपल्याला ऐकू येत नसे तिथं चपलांचा आवाजही मोठा वाटत होता. शंकाबाईनं शेपटी, घंटा, कुत्रा, कोंबडी, सगळं एका दमात सांगून टाकलं.

"म्हणजे फवारा खोटा," ताई म्हणाली.

"खोटा नाही. जरासा खरा आहे. पण शेड वाचवायला पुरणार नाही."

"जरासा तरी आहे ना? मग उद्या गप्प बस. एक हंगाम जाऊ दे, धाकटे. पिल्लं आत येऊ दे, अंड्यावर येऊ दे, मग तुला काय बोलायचं ते बोल."

"आणि साथ आली तर?"

"येईलच असं कुठं लिहिलंय?"

"आली आणि तुझ्या शेडमध्ये निघाली, तर या वेळी गोल तुझ्याभोवती काढतील, ताई. आत बाकीचे असतील."

ताईचा हात भुशातच राहिला. पलीकडच्या शेडवाल्याशी ती त्या दिवसापासून बोलत नव्हती. त्याचा काही दोष नव्हता हे तिलाही माहीत होतं, पण रस्त्यात तो दिसला की ती मान फिरवायची. ती उठली, हात झटकले आणि धाकटीकडे न बघता बोलली.

"माझ्या पोटावर पाय देऊनच तुला खरं बोलायचंय. बोल. पण मग ताई म्हणून इकडे येऊ नकोस."

भाऊजींनी दारातून चहाचं विचारलं. शंकाबाई चहा न घेताच निघाली. परत येताना शंकाबाई बसमध्ये रडली, मग रडल्याबद्दल स्वतःवर चिडली, मग ताईवर, मग सरांवर, आणि घर येईपर्यंत तिचा राग पुरला. त्या रागाचं तिला बरंच वाटलं. रडत रडत दोन प्लेट मांडता येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. पुढच्या रांगेत अधिकारी, मागे पोल्ट्रीवाले, त्यांच्यात एका टोकाला ताई, हाताची घडी घालून. सर सुरेख बोलले. ते नेहमीच सुरेख बोलतात, आणि त्या दिवशी ते बोलले त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मग त्यांनी मंडळींना टेबलापाशी यायला सांगितलं.

टेबलावर पांढऱ्या उजेडाच्या पेटीवर दोन प्लेट होत्या. दोन्हींतला विषाणू आधीच मारलेला, तेव्हा घाबरायचं कारण नव्हतं. एकीसमोर जाड अक्षरांत लिहिलं होतं, कुत्रा. दुसरीसमोर, कोंबडी. प्रत्येक ओळीला नाव होतं आणि दोन्हींत बडबडीची ओळ होती. सरांचा चेहरा पडला, पण इतक्या लोकांसमोर टेबल ओढून थोडंच घेता येतं.

अधिकाऱ्यांनी वाकून बघितलं आणि हे बडबड काय प्रकरण आहे म्हणून विचारलं. मग तिनं सांगितलं. ती भाषण करायला उभी नव्हती, तिला ते जमतही नाही. ज्या क्रमानं तिला कळलं त्याच क्रमानं तिनं सांगितलं, विकतची बडबड संपण्यापासून. आमची चूक आहे, ती म्हणाली, आम्ही वर्षानुवर्षं घरची सुई आणि विकतची बडबड यांची तुलना करत बसलो. कुत्र्याच्या पेशीत घंटा वाजते, म्हणून फवारा चालल्यासारखा दिसतो. कोंबडीकडे ती घंटा नाही. कोंबडीत फक्त सुई उरते, आणि ती अजून कच्ची आहे.

सभागृहात कुजबुज झाली. कुणीतरी मागून म्हणालं, हे आधी सुचलं नाही का. पोल्ट्री संघाचे अध्यक्ष उठले आणि फवाऱ्यानं पक्ष्यांना अपाय तर होत नाही ना, एवढंच विचारून घेतलं. सरांनी लगेच सांगितलं, की अपाय मुळीच नाही, आणि शास्त्रात अशा शंका निघतच असतात, त्यांनी काम थांबत नाही. अधिकाऱ्यांनाही काम थांबवायचं नव्हतं. वरपर्यंत कळवून झालं होतं. त्यांनी घसा साफ केला.

"हे तुमचं आपापसातलं तुम्ही बघा. ज्यांना चाचणी घ्यायची आहे त्यांची पिल्लांची परवानगी आहे तशी राहील. पहिलं नाव..." त्यांनी समोर बघितलं. "बाई, तुम्ही होतात ना? घेताय ना मग?"

सगळ्या माना ताईकडे वळल्या. शंकाबाईच्या डोळ्यांसमोर तो पसरलेला भुसा आला आणि उलटी घातलेली पाण्याची भांडी. तिला वाटलं, ताई आता हो म्हणणार, आणि तिनं हो म्हटलं तर आपण तिला दोष देऊ शकणार नाही. ताई सावकाश उठली. तिचा चेहरा रागानं लाल झाला होता, आणि तो राग सरळ धाकट्या बहिणीवर रोखलेला होता.

"ही माझी धाकटी बहीण आहे," ताई म्हणाली. "काल संध्याकाळी हे सगळं तिनं मला येऊन सांगितलं. मी तिला म्हटलं, गप्प बस. माझी शेड रिकामी आहे, एक हंगाम गप्प बस. घरी येऊ नकोस म्हणाले. तरी ती आज बोलली."

मग ती अधिकाऱ्यांकडे वळली.

"हिनं तिच्या साहेबांचं ऐकलं नाही आणि सख्ख्या बहिणीचंही ऐकलं नाही. आता तुम्ही म्हणताय की ते आपापसातलं आहे. साहेब, आमचं आपापसातलं आम्ही घरी बघू. पण कोंबडी काही तुमची परवानगी बघून वाचणार नाही. मला चाचणी नको. आणि माझ्या शेडपायी दुसऱ्या कुणाचे पक्षी खड्ड्यात गेलेले मला बघायचे नाहीत."

ती खाली बसली आणि पुन्हा हाताची घडी घातली. थोड्या वेळानं रांगेच्या दुसऱ्या टोकाला पलीकडचा शेडवाला उठला आणि आपलंही नाव काढा म्हणाला. मग आणखी एक. संघाच्या अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. चाचणी त्या दिवशी तिथंच बारगळली. बाहेर पडताना ताई शंकाबाईच्या शेजारून गेली, पण थांबली नाही आणि बोललीही नाही.

सरांनी शब्द पाळला. तिची खुर्ची तिथंच राहिली, बाक तिथंच राहिला, अंडी मात्र बंद झाली. ती त्यांच्याकडे मागायला गेली, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. दर वेळी ते शांतपणे सांगायचे, की सध्या शक्य नाही. ती दर वेळी म्हणायची, की बरं, मी पुन्हा येते. शेजारच्या बाकांवरची माणसं तिच्याशी हवापाण्याचं बोलायची आणि कामाचं निघालं की खाली बघायची. काहींना तिचं पटलं होतं, पण पटणं वेगळं आणि शेजारी येऊन बसणं वेगळं. ती सुया घडवत राहिली. शेपटी छाटायची, अक्षरं बदलायची, विषाणूच्या दुसऱ्या चिठ्ठीला, तिसऱ्या चिठ्ठीला जुळवून बघायची. लाल झाकणांच्या ट्यूब फ्रीझरमध्ये वाढत गेल्या आणि टोचून बघायला कोंबडीचा एक जीवही मिळेना. कुत्र्याच्या पेशी मात्र हव्या तेवढ्या होत्या. त्यांना तिनं हात लावला नाही.

मग एका दुपारी गेटवरून निरोप आला, की कुणी बाई आल्यात.

ताई गेटच्या बाहेर उन्हात उभी होती. मागे भाऊजी स्कूटर बंद न करताच बसलेले. ताईच्या दोन्ही हातांत अंड्यांचा ट्रे होता, वरून पातळ फडकं बांधलेला. ही कुठली, शंकाबाईनं विचारलं.

"नणंदेकडची. ती गोलाच्या पुष्कळ बाहेर राहते, तिच्याकडे कोंबडे पण आहेत. फळलेली आहेत, मी विचारून घेतलं. विकत घेतलेली नाहीत, म्हणजे तुझ्या साहेबांची सही लागायला नको."

"ताई..."

"मी बोलायला आले नाहीये. माझा राग गेलेला नाही. शेडकडे बघितलं की रोज नव्यानं येतो." तिनं ट्रे पुढे केला. "संपली की सांग. आणि काय बघायचं ते कोंबडीतच बघ. त्या कुत्र्यांच्या नादी लागू नकोस."

शंकाबाईनं ट्रे घेतला. अंडी अजून गरम होती, उन्हानं असतील. ताई स्कूटरवर बसली आणि भाऊजींनी क्लच सोडता सोडता पुन्हा वळून ओरडली, की ती बडबडीची ओळही लाव, नाहीतर तुमचं काही खरं नसतं.

सर व्हरांड्यात कुणाशी तरी बोलत उभे होते. ती ट्रे घेऊन त्यांच्या समोरूनच गेली. त्यांनी ट्रेकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि बोलणं अर्धवट सोडलं. तिनं नेहमीसारखा नमस्कार केला, फक्त मानेनं, कारण हात रिकामे नव्हते.

अंड्यांच्या खोलीत तिनं फडकं सोडलं, पेन्सिल घेतली आणि एकेका अंड्यावर लिहायला बसली. निम्म्यांवर सुई. निम्म्यांवर बडबड.